उसना चेहरा

रहमूनाचा गळा वहरान शहरातल्या प्रत्येक कहवाखान्याला ठाऊक होता आणि तोंड कुणालाच ठाऊक नव्हतं. तिच्या कॅसेटींवर नाव असायचं शाबा मरजाना, आणि नावाखाली फोटो असायचा भलत्याच बाईचा. डोक्यावरचा निळा रुमाल अर्धवट मागं सरकलेला, ओठांवर हलकी लाली, डावी भुवई जराशी वर. कुणीतरी मागून नाव घेऊन हाक मारावी आणि वळता वळता फोटो निघावा, तसा. ही बाई कोण, ते ना रहमूनाला माहीत होतं, ना कॅसेट काढणाऱ्या सी कादाला.

बाप खाणीत दगडाखाली गेला तेव्हा रहमूना अंगावर पीत होती. आईनं दोन पोरं काखोटीला मारली, डोंगराकडचं गाव सोडलं आणि शहरातल्या अल-हमरी मोहल्ल्यात एका खोलीत बिऱ्हाड थाटलं. लोकांची लोकर धुऊन, पिंजून दिवस काढले. थोरला मिलूद पुढं बसवर ड्रायव्हर झाला. रहमूना मात्र दहाजणींच्या घोळक्यात काम करता करता गुणगुणायची आणि घोळक्याचे हात थांबायचे. आई म्हणायची, "तुझा गळा म्हणजे उघडं दार आहे पोरी. कोण कधी आत शिरेल, सांगता यायचं नाही."

मोहल्ल्यात बख्ता नावाची एक दांडगी बाई होती. लग्नात बायकांच्या अंगणात गाणाऱ्या बायकांचा तिचा ताफा होता. दुपारचं जेवण उरकलं, पुरुष मंडळी बाहेर गेली, दाराला आतून कडी लागली, की या बायका डफ घेऊन बसायच्या. मग देवाचं नाव, पीरांची स्तुती, आणि सगळ्या सैलावल्या की हळूच प्रेमाची, दारूची, नवऱ्याला हासडलेल्या शिव्यांची गाणी. बायकांत गायलेलं बायकांतच राहायचं, म्हणून त्यात कुणाची अब्रू जात नव्हती. बख्तानं रहमूनाच्या हातात डफ दिला तो असा. ती लग्नात जाते हे मिलूदला ठाऊक होतं. डफ वाजवते एवढंच घरी सांगितलं होतं. एकदा ती खिडकीत बसून गात होती आणि गल्लीतली पोरं खाली जमली, तेव्हा त्यानं पुढ्यातलं ताट खिडकीबाहेर भिरकावलं होतं. ते तिनं लक्षात ठेवलं.

पण कॅसेट म्हणजे अंगण नव्हे. कॅसेटला कडी लावता येत नाही. ती ट्रकमध्ये जाते, दारूच्या गुत्त्यात जाते, बंदरावरच्या हमालांच्या खोलीत जाते. सी कादाच्या बायकोनं एका लग्नात रहमूनाला ऐकलं आणि नवऱ्याच्या मागं भुणभुण लावली. मदीना जदीदाच्या बाजारात त्याचं दुकान, मागच्या खोलीत अंड्यांचे पुठ्ठे भिंतीला चिकटवून केलेला स्टुडिओ. माणूस गोल, गोड बोलणारा, आणि पाण्यातून लोणी काढणारा. बख्ताच्या मध्यस्थीनं रहमूना गेली आणि पहिल्यांदाच बजावून आली की नाव माझं नको आणि तोंडही माझं नको.

"नावाचं काय, नावं झाडाला लागतात," सी कादा म्हणाला.

तोंडाचंही त्या धंद्यात काही अवघड नव्हतं. निम्म्या गाणाऱ्या बायकांच्या कॅसेटींवर दुसऱ्याच कुणाचे फोटो असायचे. कुणी परदेशी मासिकातली, कुणी साबणाच्या जाहिरातीतली. गिऱ्हाइकालाही ते ठाऊक होतं, त्याला फक्त एक चेहरा हवा असायचा. सी कादाची मासिकं संपली होती. त्याच वेळी शेजारचा फोटोवाला दुकान आवरत होता, आणि लोकांनी काढले पण न्यायला आले नाहीत ते फोटो एका खोक्यात भरून उकिरड्यावर निघाला होता. सी कादानं खोकं मागून घेतलं, हात घातला आणि ही निळ्या रुमालाची बाई वर आली. फोटोच्या खालच्या कडेला ओलीचा एक डाग होता, बोटभर.

"कुणाची कोण, विचारा तरी," रहमूना म्हणाली.

"अगं, न्यायला आली नाही म्हणजे तिला तो नको होता. कुणाला नको असलेली वस्तू उचलली तर ती चोरी होते का?"

रहमूनाला ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. फोटो टेबलावर उभा करून ठेवला आणि ती गायला बसली. त्या काळी गळा आधी भरायचा आणि वाजंत्री मागाहून चढवायची. फक्त ढोलाची यंत्रातली टिकटिक कानात, आणि शब्द तोंडाला येतील तसे. तिला येत असलेलं गाणं तिनं सुरू केलं. मधेच ते सुटलं आणि दुसरंच काही तोंडात आलं.

*आईला सांगा, उशीर होईल,*
*वाटेत आडवं आलंय पाणी...*

पुढची ओळ येईना. जिभेच्या टोकाशी होती, पण येईना. म्हणून तिनं तोंड मिटून नुसतं गुणगुणलं. एक लांब, खालच्या पट्टीतला हुंकार. गाणं संपलं तेव्हा तिच्या तोंडाला कडूजहर चव आली होती, कुणी झाडाचा पाला चघळायला लावावा तशी. तिनं पाणी मागितलं, चूळ भरली, आणि म्हणाली की ते पुन्हा भरू या, तिथं शब्द विसरले.

सी कादा डोळे मिटून ऐकत बसला होता. "हात लावशील तर बघ," तो म्हणाला. "शब्द काय, कुणीही लिहितं. हा हुंकारच विकला जाणार."

आणि तसंच झालं. अल्जीयर्सच्या रेडिओनं असली गाणी वाजवायची नाहीत असं ठरवलेलं होतं, म्हणून लोकांनी ती जास्तच वाजवली. त्या उन्हाळ्यात गल्लीतून चाललं तर प्रत्येक खिडकीतून मरजाना उशीर होईल म्हणून सांगत होती. मिलूदनं बसमध्ये ती कॅसेट लावली आणि तिचं कव्हर समोरच्या आरशाला टांगलं. रहमूनानं ते पाहिलं त्या दिवशी हसावं की रडावं ते तिला कळेना. बहिणीच्या गाण्यावर ताट फेकणारा भाऊ बहिणीच्याच गाण्यावर मान डोलवत गिअर टाकत होता, आणि समोर डुलत होती कोण कुठली बाई.

एकामागून एक कॅसेटी आल्या. सी कादा फोटो तोच ठेवी. म्हणे बदलला तर गिऱ्हाईक बिचकेल. आणि रहमूनाला प्रत्येक कॅसेटमध्ये ते गाणं घालावंच लागे, लोक मागायचे. दर वेळी तिसऱ्या ओळीशी शब्द अडायचे, दर वेळी हुंकार, दर वेळी तोंड कडू. तिनं घरी बसून ओळी जुळवल्या, पाठ केल्या. माइकपुढं बसली की त्या धुऊन जायच्या.

डाग पहिल्यांदा आईनं पाहिला. "हिच्या गळ्यापर्यंत काय आलंय?" ती कव्हर उजेडाला धरून म्हणाली. रहमूनानं पहिली कॅसेट शेजारी ठेवली. पहिलीवर ओलीचा डाग तळाशी होता. नव्या कॅसेटवर तो खांद्यावर चढला होता. सी कादाला विचारलं तर म्हणाला, छापखाना भिकार आहे, शाई फुटते. पण शाई फुटली तर चहूकडं फुटेल. ही खालून वर चढत होती, सरळ रेषेत, हौदात पाणी चढावं तशी.

मग हमामात बायका बोलायला लागल्या. एक म्हणाली, मावसबहिणीच्या लग्नात मरजाना आली होती. गायली नाही, कडेला बसून राहिली, ताटाला हात लावला नाही. दुसरी म्हणाली, खोटं कशाला बोलू, ती उठून गेल्यावर खालचा गालिचा ओला होता. रहमूना तिथंच पाठ घासून घेत बसली होती. ती हसली. "पोरानं मुतलं असेल," ती म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या. घरी येताना मात्र तिनं आपल्या हायकचा, म्हणजे अंगभर गुंडाळायच्या पांढऱ्या चादरीचा, काठ दोनदा चाचपून पाहिला.

आई गेली ती हिवाळ्यात. त्यांच्यात जाणाऱ्या माणसाजवळ बसून माफी मागतात, आणि जाणारा "दिली" म्हणतो. म्हटल्यावाचून गेला तर मागच्याच्या मानेवर ते ओझं राहतं, आणि आईची नाराजी तर मेलेल्याचीही कबरीत पाठ सोडत नाही. रहमूनानं हात धरून माफी मागितली, पण कशाची ते सांगितलं नाही. दारात मिलूद उभा होता. आई म्हणाली, दिली. पण न सांगितलेल्या गोष्टीची माफी लागू पडते का, हे रहमूना पुढं कैक वर्षं स्वतःला विचारत राहिली. दर शुक्रवारी ती जाड भाकरी आणि सुके अंजीर घेऊन कबरस्तानात जायची, गोरगरिबांना वाटायची, आणि आईच्या उशाशी बसून सांगायला तोंड उघडायची. मग कुणीतरी ओळखीचं यायचं.

सित्ती नावाची म्हातारी आली तेव्हा मरजानाच्या नव्या कॅसेटवर पाणी ओठांना टेकलं होतं.

सकाळची वेळ होती. सी कादाच्या दुकानाबाहेर लाउडस्पीकरवर तेच गाणं चाललं होतं. मागच्या खोलीत रहमूना कॉफी पीत होती. एक वाकलेली, गावाकडची बाई दुकानात आली, डोळ्यांवर मोतीबिंदूची साय. तिनं पदराच्या गाठीतून एक झिजलेली कॅसेट काढून फळीवर ठेवली आणि म्हणाली, हिला बोलव. सी कादानं सवयीनं सांगितलं, मरजाना इथं येत नाही, दौऱ्यावर असते. म्हातारी म्हणाली, "ती मरजाना नाही. माझी झुलेखा आहे ती. मी तिला मारायला नाही आले. हजला निघालेय."

सी कादाचं गोड बोलणं पहिल्यांदाच आटलं. मागच्या खोलीत रहमूनाच्या हातातली कॉफी पेल्यातच निवली.

म्हातारीनं जे सांगितलं ते थोडक्यात असं. गाव सीदी म्लूक, ओढ्याच्या पलीकडं. झुलेखा तिची एकुलती. एके दिवशी शहरात मावशीकडं जाते म्हणून निघाली ती परत आली नाही. मावशी म्हणाली, रुमाल उसना मागून ती दुपारीच माघारी निघाली. त्याच दिवशी वर डोंगरात पाऊस पडून ओढ्याला लोंढा आला होता. गावानं ओढा धुंडाळला. पाणी आटलं की म्हातारी काठी घेऊन गाळ उकरायची. मग शरदात कुणीतरी शहरातून ही कॅसेट घेऊन आलं. फोटोत डोक्यावर मावशीचा निळा रुमाल, ओठ रंगवलेले. गाव म्हणालं, बघ, तू गाळ उकरतेस आणि पोरगी शहरात नाचते. म्हातारीनं काठी फेकून दिली. त्या दिवसापासून प्रत्येक नमाजानंतर हात वर करून तिनं पोरीला शाप दिला.

"आता हजला निघायचं तर सगळ्यांना माफ करून जावं लागतं," ती म्हणाली. "शेजारीण झाली, दीर झाला, माझी कोंबडी चोरणाराही झाला. ही एकच राहिलीय. तिला म्हणावं, बाहेर ये. मला दिसत नाही, तिला लाजायचं कारण नाही."

सी कादा मागच्या खोलीत आला. त्यानं रहमूनाकडं पाहिलं आणि हळू आवाजात तिची समजूत घातली. म्हातारीला दिसत नाही. गळा तर तुझाच आहे. जाऊन गुडघ्याशी बस, दोन शब्द बोल, ती सुखानं हजला जाईल. पुण्याचं काम आहे. आणि खरं सांगून कुणाचं भलं होणार? तुझं तर मुळीच नाही.

खोटं नव्हतं ते. रहमूना उठली. खरं तर तिला पुण्याबिण्याचं काही सुचलं नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की एक आई माफी देऊ करतेय, कशाची ते नाव घेऊन देतेय. तिच्या स्वतःच्या आईकडून राहिलेली ती गोष्ट. ती जाऊन म्हातारीच्या पायाशी बसली. म्हातारीचा हात चाचपडत तिच्या डोक्यावर आला. हात गार होता आणि त्याला ओढ्याच्या गाळाचा वास होता.

"बोल," म्हातारी म्हणाली. "मी झुलेखा, सित्तीची लेक, म्हण. मग मी देते."

बाहेर लाउडस्पीकरवर गाणं तिसऱ्या ओळीशी आलं होतं. हुंकार सुरू झाला. रहमूनानं तोंड उघडलं. हुंकार संपेना. ती जागा तिला पाठ होती, श्वास कुठं संपतो ते ठाऊक होतं. श्वास संपला आणि हुंकार चालूच राहिला. ढोल थांबला, बाजा थांबला, हुंकार चालूच. रस्त्यावरचा करांतिकावाला बेसनाच्या वड्या कापायचा थांबून वर बघू लागला. सी कादानं धावत जाऊन बटण दाबलं. मग तार ओढली. हुंकार चालूच होता, आणि आता तो स्पीकरमधून येत नव्हता.

नव्या कॅसेटच्या कव्हरवर पाणी ओठांच्या वर चढलं होतं. रहमूनाच्या डोळ्यांदेखत ते नाकाशी पोचलं.

"मी नाही ती," रहमूना म्हणाली.

हुंकार तुटला.

मग तिनं सगळं सांगितलं. खोकं, कुणी न नेलेले फोटो, पहिलं गाणं. आपलं खरं नाव सांगितलं, मोहल्ला सांगितला, भावाचं नाव सांगितलं. बोलायला लागल्यावर तिला थांबता येईना. म्हातारीनं हात काढून घेतला नव्हता. सांगून झाल्यावर तो हात जड होत गेला.

"मग इतकी वर्षं मी शाप कुणाला देत होते गं?" म्हातारी म्हणाली.

सी कादा फळीमागं उभा राहून तसबीहची जपमाळ ओढत होता, चुकीच्या बाजूनं.

म्हातारी उठली. काठी घेतली. "चल," ती म्हणाली. "गावात येऊन हेच सांग. सगळ्यांपुढं, तोंड उघडं ठेवून. माझ्या पोरीला त्यांनी छिनाल म्हटलंय, मी सुद्धा म्हटलंय. ते धुऊन निघालं पाहिजे. आणि ती ओढ्यात कुठं आहे ते मला दाखव."

"खाला, ओढा मला काय ठाऊक?"

"तुला नसेल. तुझ्या तोंडाला ठाऊक आहे."

सीदी म्लूकला एकच बस जायची आणि ती मिलूदची होती. रहमूना हायकमधून एक डोळा उघडा ठेवून चढली. म्हातारी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसली आणि तिला शेजारी ओढलं. बसमध्ये कोंबड्या, पिंपं, माणसं. कॅसेट चालू, आरशाला कव्हर टांगलेलं, कोपऱ्यातून थेंब ठिबकत होता. मिलूदनं त्याखाली फडकं बांधलं होतं. कुणी विचारलं तर म्हणायचा, छत गळतं. पावसाचं नाव नव्हतं.

शहराच्या वेशीबाहेर म्हातारीनं काठीनं त्याच्या सीटवर टकटक केलं. "ती बया बंद कर. माझी पोरगी नाही ती."

"मग कुणाची आहे, आजी?" मिलूदनं आरशातून विचारलं.

म्हातारीनं काठी रहमूनाच्या पायावर टेकवली. रहमूनाला कळलं की गावापर्यंत थांबायचं नाही, सुरुवात इथूनच आहे. तिनं तोंडावरची चादर बाजूला केली. आरशात, टांगलेल्या बाईच्या बाजूला, तिला आपला चेहरा दिसला, आणि मधे भावाचे डोळे.

"दादा, गाडी थांबव."

"वेळेवर न्यायची असते गाडी."

"ही मी आहे. टेपवर. मरजाना मी आहे."

मिलूदनं वळण घेतलं, गिअर बदलला, खड्डा चुकवला. "बरं झालं, सांगितलंस एकदाचं," तो म्हणाला. "मी म्हटलं, मी रिटायर होईन तोवर सांगतेय का नाही."

"तुला ठाऊक होतं?"

"बहिणीचा आवाज ओळखायला भावाला रेडिओ लागतो का? लहानपणी रडून रडून माझी झोप मोडलीस, तो आवाज मी विसरेन? अगं, हे चित्र मी टांगलं कशाला? गाडीत दिवसभर माणसं चढतात. त्यांनी हिच्याकडं बघावं, तुझ्याकडं नाही."

"मग ताट का फेकलंस?"

"खाली पोरं उभी होती. नेम चुकला."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. रहमूनाला हसू आलं नाही. इतकी वर्षं ज्याला भ्याली तो हा माणूस, आणि त्या भीतीपायी उचललेला चेहरा समोर ठिबकत होता. त्याच्यामुळं एका बाईनं गाळ उकरायचं सोडलं होतं.

गावाच्या चौकात मिलूदनं बस बंद केली आणि तो बहिणीमागं उतरला. उतारू नाहीत, भाडं नाही, नुसताच उभा राहिला, हात खिशात घालून. माणसं जमली. रहमूनानं तोंड उघडं ठेवून सांगितलं. एक म्हातारा म्हणाला, हे खरं कशावरून? ती म्हणाली, ओढ्यावर चला.

ओढ्यात त्या दिवसांत पाणी नव्हतं. पांढरे गोटे, आणि दोन्ही काठांना कण्हेर, गुलाबी फुलांनी लगडलेली. त्या वासासरशी रहमूनाचं तोंड कडू झालं. भर दुपार होती, ऊन डोळ्यांत घुसत होतं, आणि ओढ्यातून चालताना तिच्या हायकचा काठ जड व्हायला लागला. तिनं खाली पाहिलं नाही. मागचे लोक पाहत होते, त्यांच्यात कुजबूज झाली. कोरड्या गोट्यांवर तिच्या मागं ओला माग उमटत होता.

म्हातारी म्हणाली, "गा."

डफ नव्हता, बाजा नव्हता. रहमूना गायली. उशीर होईल म्हणाली, पाणी आडवं आलंय म्हणाली. तिसऱ्या ओळीशी आली. तोंड मिटून हुंकारायच्या बेतात होती, आणि तोंड मिटेना.

*कण्हेरीनं धरलाय माझा रुमाल,*
*जिथं ओढ्याला ओढा भेटतो.*

म्हातारी काठी टेकत खाली निघाली. गावाच्या खालच्या अंगाला एक लहान ओघळ येऊन ओढ्याला मिळायचा. तिथं ती कधी काठी घेऊन गेलीच नव्हती. ती जागा शोधायची राहिली होती आणि तेवढ्यात कॅसेट आली होती.

माणसांनी फावडी आणली. मिलूदनंही एक घेतलं. कण्हेरीची मुळं मनगटाएवढी झाली होती, गाळ दगडासारखा. बरंच खणल्यावर आधी कापड लागलं, मुळांच्या जाळ्यात घट्ट अडकलेलं. रंग राहिला नव्हता. मग चांदीचं कडं. म्हातारीनं ते हातात घेऊन बोटानं आतली बाजू चाचपली, म्हातारीला तिच्या आईनं दिलेलं होतं. पुढचं बायकांना पाहू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी झुलेखाला रीतसर पुरलं. बायका कबरस्तानात गेल्या तेव्हा भाकरी आणि अंजीर रहमूनानं वाटले. म्हातारीनं कबरीवर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाली, "दिली. आणि मी बोलले ते तू मला दे." मग बराच वेळ तिथं कान लावून बसून राहिली. उठली ती काठी विसरून चार पावलं तशीच चालली.

परतीच्या वाटेवर बस रिकामी होती. आरशाला टांगलेलं कव्हर वाळलं होतं, भिजून उन्हात पडलेल्या कागदासारखं चुरमडलेलं. निळा रुमाल जागेवर होता. रुमालाच्या आत काही नव्हतं, नुसता पांढरा कागद. मिलूदनं ते काढून घडी करून खिशात ठेवलं, आणि रस्त्याकडं बघत म्हणाला की आईनं एक निरोप ठेवला होता. तिनं मागितली नाही ती माफीही दिली म्हणून सांग. पण तिनं स्वतःहून तोंड उघडल्यावर सांग, आधी नाही. रहमूनानं खिडकीकडं तोंड केलं.

बाजारात सी कादा डोकं धरून बसला होता. दुकानातल्या सगळ्या कॅसेटींचे चेहरे उडाले होते. तो शाईवाल्याला शिव्या देत होता, पण शिव्यांत जोर नव्हता. गिऱ्हाइकं कॅसेटी परत आणत होती. तिसऱ्या ओळीशी आता हुंकार नव्हता. नुसता ढोल वाजायचा, आणि मग गाणं पुढं जायचं. लोक म्हणाले, टेप झिजली.

पुढं रहमूनानं आपल्या नावानं, आपल्या तोंडानं दोन-तीन कॅसेटी काढल्या. बेताच्याच खपल्या. कहवाखान्यात माणसं म्हणायची, बाई बरी गाते, पण मरजानाची सर नाही. रहमूनाला त्याचं काही वाटलं नाही. बख्ता थकल्यावर ताफा तिनं चालवला, लग्नांतून गायली, म्हातारी झाली. ते गाणं तेवढं पुन्हा म्हटलं नाही. नवख्या पोरी विचारायच्या, तर म्हणायची, ते माझं नव्हतंच, उसनं आणलेलं होतं, परत केलं.

सित्ती हजला जाऊन आली. परतल्यावर थोड्याच दिवसांत, पाणी पिता पिता, सुखानं गेली. तिच्या पदराच्या गाठीतली ती झिजलेली कॅसेट तिच्या पुतण्यानं रहमूनाकडं आणून दिली. तेवढ्या एका कव्हरवरचा चेहरा उडालेला नव्हता. डाग नव्हता, भुवई किंचित वर होती. पुतण्या म्हणाला, काकी रोज ऐकायची. रहमूनानं विचारलं, तिसऱ्या ओळीला काय ऐकू येतं? तो म्हणाला, मला नुसता ढोल ऐकू यायचा. पण काकी तिथं दर वेळी थांबायची आणि "हो गं, आले" म्हणायची.

कॅसेट रहमूनाच्या कपाटात आहे. तिनं ती कधी लावली नाही. शुक्रवारी कबरस्तानाला निघताना ती कपाट उघडते, भाकरी बांधायचं फडकं घेते, आणि कॅसेट भिंतीकडं तोंड करून ठेवलेली आहे ना ते बघते. बहुतेक वेळा असते.